तीन ठिपक्यांचा खुलासा

गाडी खोलली की कामाला हात लावायच्या आधी एक मंत्र म्हणायचा असतो. आमच्या धंद्यात तो कोणी उस्ताद शिकवत नाही, शिकणारा आपोआप शिकतो. मंत्र असा: "हे कोन्या गाढवानं केलं बे?"

गिऱ्हाईक समोर असेल तर जरा मोठ्यानं. डॉक्टर लोकही हेच करतात. आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी पाहून ते नुसती भुवई वर करतात. आमच्या भुवईवर ग्रीस असतं, म्हणून आम्हाला तोंडानं बोलावं लागतं.

मी हा मंत्र पस्तीस वर्षं म्हटला. गेल्या वर्षी तो जरा जास्तच झाला आणि मला लेखी खुलासा मागण्यात आला. मागणारे देऊळघाटचे इंगळे गुरुजी. खुलासा कुठं द्यायचा हेही त्यांनीच ठरवलं. "शिव्या चारचौघांत देल्या ना मिस्त्री? मंग खुलासाही चारचौघांत द्या. दिवाळी अंकात." संपादकसाहेब ओळखीचे निघाले, म्हणून तुमच्यावर ही वेळ आली.

माझं गॅरेज बुलढाण्यात, देऊळघाटच्या रस्त्याला. पाटीवरचं नाव उन्हानं खाल्लं, पण लोक 'फटफटीवाला सुधाकर' म्हणून विचारत येतात. नव्या गाड्या मी घेत नाही. तत्त्व म्हणून घेत नाही, असं सांगतो. खरं म्हणजे नव्या गाडीला कॉम्प्युटर लावावा लागतो आणि तो चालू कसा करतात हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. जुन्या फटफट्या मात्र आता लोकांना एकदम आठवायला लागल्या आहेत. वीस वर्षं जी गाडी गोठ्यात कडब्याखाली पडली होती, जिच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती, ती एके दिवशी टेम्पोत घालून माझ्याकडे येते. मालक म्हणतो, "आजोबाची आठवन हाय, नवीकोरी करून द्या." आठवण होती तर कोंबडीला काऊन दिली, असं विचारायचं जिभेवर येतं. विचारत नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. जुनी गाडी दुरुस्त करण्याचे दोन प्रकार. एक, गाडी चालती करणं. हे सोपं. दुसरा, गाडी होती तशी करणं. यात बोल्ट न् बोल्ट काढायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, कोणता कुठला हे चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा. टाकीचे पोचे काढायचे, रिम, हँडल क्रोमला पाठवायचे, चाकाच्या तारा एकेक आवळून चाक सरळ करायचं, आणि मिळत नाही तो पार्ट अख्ख्या देशात फोन लावून शोधायचा. एवढं झाल्यावर जोडताना एक नट उरतो. माझ्या हातून उरतोच. पूर्वी मी गिऱ्हाइकाला सांगायचो, कंपनी एक जास्तीचा देते. मोताळ्याकडच्या एका गिऱ्हाइकानं तो जास्तीचा नट खिशात घातला, राम राम केला आणि गावाच्या अलीकडेच त्याचं मागचं मडगार्ड रस्त्यावर पडलं. तेव्हापासून मी सांगत नाही, नट लपवतो.

त्यात आमच्या भागातल्या फटफट्या. कंपनीनं त्यांना नुसता जन्म दिला, वाढवलं शेतानं. मी स्प्रिंकलरच्या पाइपाचा सायलेन्सर पाहिला आहे. फवारणी पंपाची नळी पेट्रोलला लावलेली पाहिली आहे. एका गाडीचं चेनकव्हर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं होतं, त्यावर भुईमुगाच्या शेंगेचं चित्र अजून ताजं होतं. प्रत्येक वेळी मी मंत्र म्हटला आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक हसलं. इंगळे गुरुजी हसले नाहीत, हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

गुरुजी दसऱ्यानंतर आले. सोबत मुलगी रोहिणी, जनावरांची डॉक्टर. टेम्पोत फटफटी. गुरुजींनी नोकरी लागली तेव्हा ती जुनीच विकत घेतली होती. पहिली नेमणूक लोणार तालुक्यात बीबीला. सोमवारी पहाटे देऊळघाटहून निघायचे, शनिवारी परत यायचे, हे त्या गाडीवर. पुढं बदली होऊन गावाजवळ आले. आता एकतीस डिसेंबरला ते निवृत्त होणार होते.

बोलली रोहिणीच. "मिस्त्रीकाका, बाबांनी मले या टाकीवर बसवून पहिलीत नेऊन घातलं. एकतीस तारखेले निरोप समारंभ झाला की मी त्याईले या गाडीवर मागं बसवून शाळेतून घरी आननार. गावात सांगून ठेवलं हाय."

"तुले चालवता येते काय ही?"

"काका, मी बैलाले इंजेक्शन देते. ही लाथ मारत नाही ना?"

"उलटी किक मारते."

"मंग जमते."

मी म्हटलं, झालं समजा. हे माझं ठरलेलं वाक्य आहे. यानं माझं आयुष्यभर नुकसान झालं आहे.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी यायला लागले. शाळा सुटली की सव्वापाचला हजर. स्टुलावर बसायचे, मांडीवर वही, खिशात लाल खडू. मडगार्डवर रंगाचा एक कण उठलेला दिसला की त्याभोवती लाल गोल. मी पुसला की पुन्हा गोल, या वेळी दोन. टाकीवर सोनेरी रेघ असते, ती पेंटरनं ओढली. गुरुजींनी शाळेतली फूटपट्टी लावली आणि म्हणाले, "डावीकडं दीड सूत जाड हाय." पेंटर चिखलीहून दोनदा आला. तिसऱ्यांदा त्यानं फोन उचलला नाही. ती रेघ शेवटी मी ओढली आणि ती का थरथरली यावर गुरुजींनी मला लेखणी कशी धरायची ते शिकवलं. वय माझं छप्पन. एकदा तर बाहेर उभ्या असलेल्या माझ्या स्वतःच्या स्कूटरवर चार लाल गोल निघाले. माझं घर गॅरेजच्या मागेच. पाच वाजले की बायको खिडकीतून आवाज द्यायची, "आवो, गुरुजी येऊन राह्यले. हात धुवा, नखं तपासतीन."

आणि तोंडात एकच शब्द. ओरिजिनल. हँडलचं रबर ओरिजिनल पाहिजे, हॉर्नचा आवाज ओरिजिनल पाहिजे. एका संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, "गुरुजी, टायरात हवा ओरिजिनल नाई, बीबीहून आनू काय?" त्यांनी शांतपणे वहीत काहीतरी लिहिलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस किकची बाजू खोलली. किकचा दांडा ज्या भोकातून आत जातो, तिथं धातूची एक जाड बांगडी बसवलेली असते. तिला बुश म्हणतात. दांडा तिच्यात फिरतो. ती झिजली तर किक डुगडुगते, तेल गळतं. ओरिजिनल बुश राखाडी असते. ही पिवळी होती. कोणीतरी विहिरीवरच्या ऑइल इंजिनचं पितळ घेऊन त्यातून बुश काढली होती.

मंत्राची वेळ झाली. त्या दिवशी तीन-चार गिऱ्हाइकंही बसली होती, मग काय विचारता. "हे पाहा, पाहा. फटफटीत मोटरपंप घातला बे. कोन्या गाढवानं केलं असन? याले पाना नाई, झाडू द्यायले पाहिजे व्हता." लोक हसले. मला चढलं. त्या मिस्त्रीच्या उस्तादावर घसरलो, उस्तादाच्या उस्तादावर घसरलो.

गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, ते राहू द्या."

"काऊन?"

"इतकी वर्षं चालली ना?"

"गुरुजी, तुमीच म्हनता ओरिजिनल पाहिजे."

"बाकी सगळं ओरिजिनल करा. ते तेवढं राहू द्या."

दोन महिन्यांत या माणसानं पहिल्यांदा काही राहू द्या म्हटलं होतं आणि नेमकं तेव्हाच मी तत्त्वाला जागलो. म्हटलं, "नाई. माह्या हातून असं पाप होनार नाई." गुरुजींनी पुन्हा वहीत लिहिलं. मला वाटलं, नव्या बुशची नोंद करून राह्यले.

ओरिजिनल बुश शोधायला तीन आठवडे गेले. आली ती चकचकीत पाकिटातून. बसवली तर भोकात किंचित सैल. केसाइतकी. इथं खऱ्या मिस्त्रीनं थांबायचं असतं. भोक मोजायचं, बुश मोजायची, फरक कुठून आला ते पाहायचं. पण पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला मोजायची लाज वाटते. अंदाज म्हणून एक गोष्ट असते ना. आणि सैल बुश आवळायचं आमच्या धंद्यात एक पाप आहे, सगळे करतात, कोणी कबूल करत नाही. पंच, म्हणजे पोलादाची टोकदार खुंटी, घ्यायचा आणि बुशच्या कडेला चार ठोके मारायचे. कड फुगते, बुश अडकून बसते, गिऱ्हाईक गावाला पोचेपर्यंत टिकते. मी चार ठोके मारले. दर्शनी भागावर इतका सुंदर रंग होता की आतलं कोण पाहतं. पिवळी बुश उचलली आणि भंगाराच्या डब्याकडे फेकली. तेव्हा तोंडानं काय म्हटलं, ते गुरुजींच्या वहीत आहे.

सत्तावीस डिसेंबरला सकाळी, गुरुजींच्या शाळेआधी, रोहिणी सरावाला आली. पहिल्या किकला गाडी सुरू. बंद केली, दुसऱ्या किकला सुरू. गुरुजी स्टुलावरून उठून उभे राहिले. तिसरी किक अर्ध्यात गेली आणि तिथंच बसली, रस्त्यात बसलेल्या म्हशीसारखी. ना वर ना खाली.

खोलून पाहिलं. माझे चार ठोके सुटले होते, बुश दांड्यासोबत गरागरा फिरली होती, तेल जायचं भोक त्यात बंद झालं आणि दांडा कोरडा पडून चिकटला होता.

"पार्टच डुप्लिकेट निघाला," मी म्हटलं. हे खोटं होतं. पार्ट बरोबर होता.

गुरुजींनी लाल खडूही काढला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार दिवस." रोहिणी म्हणाली, "काका, फाट्यावर बोर्ड लागला हाय. बाबांचा फोटो अन् खाली गाडीचा फोटो."

ते गेल्यावर मी मोजलं. उशिरा का होईना. भोक कंपनीच्या मापापेक्षा मोठं होतं, पण गोल होतं, एकदम नीट गोल. म्हणजे कधीतरी ते झिजून वाकडं झालं असणार, कोणीतरी लेथवर नेऊन ते गोल करून घेतलं असणार, आणि मग त्या मोठ्या भोकाच्या मापानं बुश काढली असणार. त्या पिवळ्या बुशच्या आतून तेलासाठी एक नागमोडी चर कोरलेला होता, तो मी पाहूनही पाहिला नव्हता. गाढवानं काम विचार करून केलं होतं. मी पाकीट फोडून केलं होतं.

लेथवाल्याकडे पळालो. तो म्हणाला, या जाडीचं पितळ अकोल्याहून मागवावं लागेल, पाच दिवस. माझ्याकडं चार. म्हणजे तीच पिवळी बुश पाहिजे. डब्यात पाहिलं तर डबा रिकामा, मंगळवारी भंगारवाला येऊन गेलेला. त्याच्या गोडाऊनवर गेलो. भर दुपारी कुलरच्या पत्र्यात, कढयांच्या बुडांत, सायकलींच्या सांगाड्यांत तीन तास हात घातला. बोट कापलं, पँट फाटली. तो खाटेवर बसून पाहत होता. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, लोखंड असते तं महिनाभर पडून राह्यते. पितळ आपल्याकडं चहा होईलोक थांबत नाई."

दिवेलागणीला घरी आलो. बायको देवापुढं उदबत्ती लावत होती. उदबत्ती एका पिवळ्याधमक बांगडीत उभी होती. जाड, सोन्यासारखी, आतून नागमोडी चर.

"हे कुठून आनलं?"

"तुमच्याच डब्यातून. भंगारवाला यायच्या आदी पाह्यलं, पितळ दिसलं. चिंचेनं घासलं, मस्त निंगालं. काऊन, आता देवाचं काढता काय?"

मी उदबत्ती बाजूला ठेवली, राख फुंकली आणि बुश दिव्याजवळ धरली. चिंचेनं तीस-पस्तीस वर्षांचा काळा थर गेला होता. कडेवर पंचानं मारलेले तीन बारीक ठिपके होते. त्रिकोणात.

आता हे ठिपके काय ते सांगतो. मी काम शिकलो मेहकरला. उस्तादाकडे आम्ही पाच-सहा जण होतो आणि उस्तादाचा नियम होता, ज्यानं पार्ट केला त्यानं त्याच्यावर आपली खूण मारायची. कौतुक म्हणून नाही. काम परत आलं तर थोबाडीत कोणाच्या द्यायची हे समजावं म्हणून. कोणाची फुली होती, कोणाची आडवी रेघ. तीन ठिपके माझे.

मी देवापुढं खालीच बसलो. बायको घाबरली. "काय झालं?"

"ज्या गाढवाले मी महिनाभर शोधून राह्यलो व्हतो ना, ते सापडलं."

"कुठं?"

"घरीच."

ती उदबत्ती उचलून तांदळाच्या वाटीत खोचत म्हणाली, "मले तर लगनापासून माहीत हाय."

सकाळी बुश भोकात धरली. अंगठ्यानं दाबली. गेली, आणि जिथं थांबायचं तिथं थांबली. ठोका नाही, पंच नाही. ही बुश मी विशीत केली होती. तेव्हा मला काही येत नव्हतं, म्हणून मोजत होतो. पुन्हा काढून हातात घेतली आणि एक विचार आला. ठिपके असलेली कड बाहेरच्या बाजूला येते. कव्हर काढलं की दिसणार. गुरुजी काढायला लावणार. कानस घेऊन ते तीन ठिपके पुसले तर कोणाला कळतं? कानस हातात घेतलीसुद्धा.

"घासू नका मिस्त्री. माप बिघडन."

गुरुजी दारात. शनिवार होता, सकाळची शाळा आटोपून आले होते. हातात वही आणि एक जुनी फाइल. फाइलमधून त्यांनी घडी पडलेला एक कागद काढला आणि माझ्या ग्रीसच्या हातात न देता स्वतःच वाचून दाखवला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बीबीच्या मुख्याध्यापकांना दिलेल्या खुलाशाची प्रत. सोमवारी शाळेत उशिरा आल्याबद्दल.

"सदर दिवशी हिवरा आश्रमाजवळ मोटारसायकलची किक निकामी झाल्याने ती टेम्पोतून मेहकर येथे न्यावी लागली. तेथील उस्ताद बाहेरगावी गेलेले असल्याने त्यांचे शिकाऊ मिस्त्री सुधाकर यांनी नवीन भाग बनवून बसवला. सदर मिस्त्री वारंवार मोजमाप घेत असल्याने दोन तास अधिक लागले. काम उत्तम झाले आहे. उशीर माफ व्हावा."

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. एक मास्तर घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत होता एवढं अंधुक आठवल्यासारखं झालं, पण घड्याळ पाहत येरझाऱ्या सगळीच गिऱ्हाइकं घालतात.

"म्हंजे तुमाले पयल्या दिवसापासून माहीत व्हतं?"

"म्हनून तं तुमच्याकडं आनली."

"मंग त्याच दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"सांगनार व्हतो. तुमी बोलाचे थांबतच नव्हते. मंग म्हटलं, लिहून तरी घेऊ." त्यांनी वही उघडली. सुवाच्य अक्षर, समासाची रेघ, अनुक्रमांक घातलेले. एकूण अकरा शिव्या. गाढव चार वेळा. झाडूचा उल्लेख दोन वेळा. क्रमांक सात होता 'बैलाचा डॉक्टर', त्यापुढं कंसात लिहिलं होतं, 'यास रोहिणीची हरकत आहे'. शेवटच्या नोंदीखाली लाल शाईत शेरा: लेखी खुलासा मागवावा.

मी कानस खाली ठेवली. बुश तशीच बसवली, ठिपके बाहेर.

एकतीस तारखेला शाळेच्या फाटकाबाहेर रोहिणीनं साडीचा पदर कमरेला खोचला आणि किक मारली. पहिलीला काही नाही. दुसरीला काही नाही. तिसरीला गाडी बोलली. गुरुजी गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ अशा थाटात मागं बसले, पाठ एकदम ताठ. मी स्कूटरवर मागून निघालो, खिशात पाना आणि पक्कड. अख्ख्या रस्त्यानं गुरुजी मागं बसून वळण आलं की हात दाखवत होते. रोहिणीनं इंडिकेटर दिला नसता असं नाही, पण जुन्या गाडीला इंडिकेटर नसतोच आणि गुरुजींना ते ओरिजिनल पाहिजे होतं. घराच्या दारात त्यांच्या बायकोनं दोघांनाही ओवाळलं आणि तिसरं गाडीला. खिशातला पाना काढावा लागला नाही.

याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला. पण परत येताना एकच हिशेब डोक्यात बसला होता: त्या गाडीत मी तीन महिने राबलो, आणि तिच्यातलं सगळ्यात चांगलं काम मी पस्तीस वर्षांपूर्वी केलेलं होतं. मधे किती पाकिटं फोडली आणि किती ठोके मारले, ते सांगायला कोणत्या गुरुजींची वही नाही, हे माझं नशीब. गुरुजींचं मन मात्र अजून भरलेलं नाही. मागच्या महिन्यात आले तेव्हा म्हणाले, डावीकडची रेघ अजून जाड हाय.

आता मी मोजतो. मापाचं यंत्र देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलं आहे. बायकोला उदबत्तीचं नवं घर आणून दिलं, बाजारातलं. ती म्हणते, यात उदबत्ती डुगडुगते.

परवा एक जुनी फटफटी आली, बीबीकडचीच. क्लचचा आतला लिव्हर मधून तुटलेला होता आणि कोणीतरी मोहरीएवढ्या रिव्हेटा मारून तो असा सांधला होता की नख लावलं तरी जोड लागत नव्हता. मंत्र ओठावर आला. गिळला. लिव्हर रॉकेलनं धुतला, चिंचेनं घासला, बायकोचा चष्मा लावला आणि ठिपके शोधले. एका बाजूला काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला एक फुली होती. बारीक, सुरेख फुली.

गिऱ्हाईक केव्हाचं माझं तोंड पाहत होतं. म्हणालं, "काय मिस्त्री, आदीच्यानं काम बिघडवलं काय?"

"कोन्या गाढवानं केलं काय माहीत," मी म्हटलं, "पन माह्यापेक्षा चांगलं केलं बे."